एका किलोचा रंग : आयफेल, जून १९३४

शनिवार, २ जून १९३४ची संध्याकाळ. जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगराळ भागात, न्युर्बुर्गरिंगवर, मर्सिडीज-बेन्झची नवीकोरी डब्ल्यू २५ वजनकाट्यावर चढवलेली. नियम सांगतो, गाडी ७५० किलोच्या वर जाता कामा नये. काटा सांगतो ७५१. संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर हवालदिल, कारण काढण्यासारखं होतं नव्हतं ते सगळं कारखान्यातच काढून झालेलं. तेवढ्यात डोक्यात येतं : रंग! जर्मन गाड्यांचा शर्यतीतला ठरलेला रंग पांढरा, म्हणून गाडीवर पांढऱ्याचे थरच्या थर आहेत. मेकॅनिक रात्रभर घासत बसतात. पहाटेपर्यंत खालचा ॲल्युमिनियमचा पत्रा उघडा पडतो आणि काटा बरोबर ७५० वर येतो. रविवारी मानफ्रेड फॉन ब्राउखिच ती उघड्या पत्र्याची गाडी घेऊन शर्यत जिंकतो आणि जर्मन शर्यतगाड्यांना ‘चंदेरी बाण’ हे नाव मिळतं.

जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या माणसाला ही गोष्ट कुणीतरी सांगतंच. मलाही सांगितली होती, आणि मीही पुढे बऱ्याच जणांना सांगितली, थोडं तिखटमीठ लावूनच. ती पहिल्यांदा अडली ती एका मित्रापाशी. त्याने डब्ल्यू २५चं बऱ्यापैकी मोठं मॉडेल करायला घेतलं होतं, अंगावरचा पत्रा खऱ्या ॲल्युमिनियमचा. काम संपत आल्यावर त्याने फोन केला आणि सरळ विचारलं, “अरे, याला चंदेरी रंग मारू, की पत्रा तसाच ठेवू?”

प्रश्न साधा वाटतो, पण गोष्ट खरी असेल तर उत्तर ‘तसाच ठेव’ हे आहे आणि खोटी असेल तर ‘रंग मार’. मधलं काही नाही. त्या एका उत्तरासाठी मी हे प्रकरण पुन्हा पहिल्यापासून उकललं.

आधी गोष्टीतला सगळ्यात गोड भाग, कारण तो भाषेचा आहे. या कथेच्या एका रूपात नॉयबाउअर वैतागून म्हणतात की आता आपण ‘गेलाकमायर्ट’ झालो. जर्मन बोलीत याचा अर्थ फसलो, उल्लू बनलो. त्या शब्दाच्या पोटात ‘लाक’ आहे, म्हणजे रंगाचा चकचकीत लेप, आणि तो शब्द कानावर पडताच रंग काढायची कल्पना सुचते. कुणाला सुचते ते सांगणाऱ्यागणिक बदलतं, कधी नॉयबाउअरना, कधी ब्राउखिचला. आपल्याला हे समजायला जर्मन यायची गरज नाही. कुणी फसवलं की आपण म्हणतोच, ‘चुना लावला’. आपलाही लेप पांढराच! आणि तो जर्मन ‘लाक’ तरी कुठला? संस्कृत ‘लाक्षा’, म्हणजे आपली लाख, प्राकृत, फारसी आणि इटालियन अशी गावं करत तिकडे पोचली. बांगड्यांची लाख आणि मर्सिडीजचा रंग मुळात एकाच घरचे. इतका नेमका श्लेष एखाद्या घटनेत सापडला की मला आनंद होतो आणि लगेच शंकाही येते. खऱ्या घटना सहसा इतक्या चांगल्या शब्दांत घडत नाहीत.

आता नियमाकडे. त्या काळी मोटरशर्यतींचा कारभार एआयएसीआर ही आंतरराष्ट्रीय संस्था पाहायची. तिने ऑक्टोबर १९३२ मध्ये जाहीर केलं की १९३४पासून ग्रां प्रीच्या गाडीचं वजन ७५० किलोच्या आत असावं. या वजनात चालक नाही, इंधन, तेल आणि पाणी नाही, टायरही नाहीत. चालक बसतो तिथे गाडीची रुंदी निदान ८५ सेंटिमीटर हवी आणि शर्यत निदान ५०० किलोमीटरची हवी. हेतू असा की गाडी हलकी म्हणजे इंजिन लहान, इंजिन लहान म्हणजे वेग आटोक्यात. झालं उलटंच. जर्मन इंजिनियरांनी हलके मिश्रधातू वापरून सांगाडा इतका बारीक केला की वाचलेल्या वजनात मोठं इंजिन बसलं. डब्ल्यू २५मध्ये पहिल्या वर्षी ३.३६ लिटरचं, आठ सिलिंडरांचं, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) लावलेलं इंजिन होतं, आणि पुढच्या दोन वर्षांत ते फुगतच गेलं. वेग आटोक्यात आणायच्या नियमाने त्या दशकातल्या सगळ्यात वेगवान गाड्या जन्माला घातल्या.

तर नियम खरा, ७५० हा आकडा खरा, आणि मर्सिडीजवाले एकेका किलोसाठी जीव टाकत होते हेही खरं. त्यांची आधीची एसएसकेएल पाहा. तिच्या नावातला शेवटचा ‘एल’ म्हणजे ‘लाइश्ट’, हलकी. सांगाड्याच्या पट्ट्यांना ओळीने भोकं पाडून तिचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास उतरवलं होतं, एखाद्या किसणीसारखी दिसते ती पट्टी. भोकं पाडायची ही सवय डब्ल्यू २५मध्येही दिसते. अशा लोकांनी रंगसुद्धा खरवडला असं कुणी म्हटलं तर ते पटतं. गोष्टीची निम्मी ताकद इथेच आहे. ती खोटी असली तरी ज्यांच्याबद्दल सांगितली जाते त्यांच्या स्वभावाला शोभते.

पण ३ जून १९३४ची आयफेलरेनन ही शर्यत ७५० किलोच्या नियमाखाली झालीच नाही.

ती ‘फॉर्म्युला लिब्र’ होती, म्हणजे मोकळ्या नियमांची. नव्या नियमात बसणाऱ्या गाड्या तेव्हा मोजक्याच, त्यामुळे मैदान भरावं म्हणून आयोजकांनी दार उघडं ठेवलेलं. लांबीवरूनही हे लक्षात येतं : २२.८ किलोमीटरचे १५ फेरे, म्हणजे ३४२ किलोमीटर. पाचशेची अट तिथेच मोडते. मोकळ्या नियमांच्या शर्यतीत गाडी ७५१ किलो भरली काय नि ८०० भरली काय, तिला कुणी घरी पाठवत नाही. मग रात्रभर जागून रंग कशासाठी खरवडायचा?

या एका मुद्द्यावर बरेच लोक फाइल बंद करतात. मी करत नाही, कारण वकिली वाट अजून उरते. समजा, संघाने पुढच्या मोठ्या शर्यतींची तालीम म्हणून स्वतःहून वजन केलं असेल. १ जुलैला माँलेरीत फ्रेंच ग्रां प्री होती, १५ जुलैला याच न्युर्बुर्गरिंगवर जर्मन ग्रां प्री, आणि दोन्हीकडे काटा खरा होता. पण तालमीसाठी कुणी शर्यतीच्या आदल्या रात्री चालकाची गाडी खरवडायला घेत नाही. त्यासाठी पुढचे चार आठवडे मोकळे होते. आणि एक किलोच कमी करायचा असेल तर आरसा आहे, आसनाची गादी आहे, अर्ध्या तासात उतरतील अशा चार वस्तू आहेत. गोष्टीला मात्र रंगच लागतो, कारण तिला सकाळी गाडीचा रूपपालट दाखवायचा आहे.

वजनाच्या हिशेबाने गोष्ट पडते का, तेही मी पाहिलं. पडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. हिशेब ढोबळ आहे. अशा एकआसनी गाडीचं बाहेरचं अंग आठेक चौरस मीटर धरू. वाळलेल्या रंगाचा थर एकूण १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. वाळल्या रंगाची घनता पाण्याच्या दीडपट धरली तर दर चौरस मीटरला १५० ग्रॅम होतात आणि साऱ्या गाडीवर सव्वा किलो. हाताने ठोकून केलेल्या पत्र्यावर खड्डे बुजवायला पुट्टीही असते आणि तिचा थर रंगाच्या कितीतरी पट जाड असतो, म्हणजे आणखी किलोभर कुठेच गेला नाही. ज्याने जुन्या गाडीचं बॉनेट वॉटर पेपरने घासलंय त्याला बादलीच्या तळाशी साचणारा तो चिखल आठवेल. तो पावशेर नसतो. तेव्हा ‘रंगाचं वजन ते काय असणार’ हा आक्षेप चुकीचा आहे. एक किलो रंगातून निघू शकतो. मात्र सगळा रंग आणि बरीचशी पुट्टी काढली तरच निघतो, आणि पुट्टी काढली की पत्र्यावरचे हातोड्याचे घाव, जोडांच्या रेघा, सगळं उघडं पडतं. ती गाडी चंदेरी बाणासारखी कमी आणि डेंटिंगला आणलेल्या गाडीसारखी जास्त दिसली असती.

इथे चंदेरी रंगाचा स्वभाव थोडा समजून घेऊ, कारण माझ्या मते उत्तर तिथेच आहे.

पांढरा रंग झाकायला आळशी असतो. त्यातली भुकटी प्रकाश विखुरते, अडवत नाही, त्यामुळे खालचा पत्रा दिसेनासा व्हायला हातावर हात द्यावे लागतात. चंदेरी रंगातला ॲल्युमिनियम म्हणजे बारीक भुकटी नव्हे, चपटे कण. रंग वाळताना हे कण आडवे होतात आणि कौलांसारखे एकमेकांवर चढतात. प्रत्येक कौल अस्सल धातूचं, आरपार काही दिसत नाही. दोन पातळ हात मारले की काम झालं. आपल्याकडे पाण्याच्या टाकीला, लोखंडी फाटकाला, देवळाच्या ग्रिलला जो चंदेरी रंग लावतात तो याच घराण्यातला : एका हातात गंज, जुना रंग, सगळं झाकून टाकतो. हात लावला की बोटं चंदेरी होतात तेही त्याच कारणाने. त्यातले कण तेलकट थरामुळे तरंगून पृष्ठभागावर येतात आणि तिथेच उघडे बसतात. गाडीला लावायच्या पुढच्या रंगांमध्ये हे कण खाली बुडवून ठेवायची युक्ती आली, म्हणून गाडी पुसताना फडकं चंदेरी होत नाही.

म्हणजे वजनाचा ध्यास असलेल्या माणसाला पांढरा खरवडून काढायची गरजच नाही. त्याने पहिल्यापासून चंदेरी लावायचा. विमानवाल्यांनी हे आधीच ओळखलं होतं. कापडी पंखांच्या विमानांना शेवटचे हात ॲल्युमिनियमची भुकटी घातलेल्या लेपाचे असत, कारण ते कण उन्हातले अतिनील किरण परतवतात आणि कापड टिकतं. विसाच्या दशकाच्या शेवटी हलकं, वेगवान, आधुनिक यंत्र म्हटलं की डोळ्यांसमोर चंदेरीच यायचं. नायट्रोसेल्युलोजच्या झटपट वाळणाऱ्या रंगांनी मोटारीच्या कारखान्यांची दिवसांची वाळवणी तासांवर आणली तेही याच दशकात. त्यातलं एक नाव, ड्यूको, आपल्याकडे इतकं मुरलं की अजूनही फर्निचरचा पेंटर ‘ड्यूको मारू का?’ असं विचारतो, डब्यावर कुठल्याही कंपनीचं नाव असो.

आता रंगाचा साक्षीपुरावा, तारखांच्या क्रमाने.

२२ मे १९३२. बर्लिनजवळची आव्हुस, दोन लांबलचक सरळ रस्ते आणि टोकांना वळणं. हाच ब्राउखिच एसएसकेएल घेऊन उतरतो, पण ओळखू न येणारी. राइनहार्ड फॉन क्योनिग-फाक्सेनफेल्ड यांनी तिच्यावर वारा कापणारं, न रंगवलेल्या ॲल्युमिनियमचं अंग चढवलंय. प्रेक्षक तिला ‘काकडी’ म्हणून हसतात. काकडी ताशी १९४.४ किलोमीटरच्या सरासरीने जिंकते, तीही अल्फा रोमिओतल्या रुडॉल्फ काराच्चोलाला मागे टाकून. आणि रेडिओवर शर्यतीचं वर्णन करणारे पाउल लाफेन तिला ‘चंदेरी बाण’ म्हणतात. दोन वर्षं आधी! चालक तोच, कंपनी तीच, उघडा पत्राही तसाच.

६ मार्च १९३४. आव्हुसवरच हान्स श्टुक ऑटो युनियनच्या नव्या गाडीने एका तासात २१७.११ किलोमीटर कापण्याचा विक्रम करतो. गाडी चंदेरी. ऑटो युनियन मर्सिडीजची कट्टर स्पर्धक. तिने आपल्या गाड्या सुरुवातीपासून चंदेरी ठेवल्या आणि तिच्या रंगाबद्दल कुणी गोष्ट सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नाही. रंग ठरवला, लावला.

२७ मे १९३४, आयफेलच्या बरोबर एक आठवडा आधी. पुन्हा आव्हुस. ऑटो युनियन पहिल्यांदा शर्यतीत उतरते. मर्सिडीजही डब्ल्यू २५ घेऊन आलेली असते, सराव करते आणि इंधनपुरवठ्यात बिघाड सापडल्याने शर्यतीआधीच माघार घेते. अल्फा रोमिओतला गी मॉल जिंकतो. महत्त्वाचं इतकंच की त्या सरावात मर्सिडीजच्या गाड्याही चंदेरी होत्या. जो रंग आठवड्याभरापूर्वी अंगावर होता तो शनिवारी रात्री पांढऱ्याखालून कसा निघेल?

३ जून १९३४. ब्राउखिच पहिला, सरासरी ताशी १२२ किलोमीटरच्या वर. दुसरा श्टुक, चंदेरी ऑटो युनियनमध्ये. तिसरा अल्फा रोमिओतला लुई शिरों. त्या दिवशी खरं नाट्य घडलं ते वेगळंच. मर्सिडीजचा दुसरा चालक, इटालियन लुइजी फाजोली, याला नॉयबाउअरनी ब्राउखिचला पुढे जाऊ देण्याचा हुकूम केला. पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या जागी, जोरदार खडाजंगी झाली आणि शेवटी फाजोलीने गाडी वाटेतच सोडून दिली. त्या रविवारबद्दल काही सांगायचंच असेल तर हे भांडण सांगण्यासारखं आहे. ते मात्र कुणी सांगत नाही.

आणि एक गैरहजर साक्षीदार. शनिवारी पांढरी असलेली गाडी रविवारी चंदेरी होऊन धावली असती तर ते हजारो लोकांनी पाहिलं असतं आणि वार्ताहरांना सोमवारच्या अंकासाठी याहून चांगला मथळा मिळाला नसता. पण त्या वेळच्या लिखाणात या रात्रीचा मागमूस नाही. गोष्ट छापून येते १९५८मध्ये, खुद्द नॉयबाउअरच्या आठवणींत. चोवीस वर्षांनंतर.

नॉयबाउअर खोटारडे होते असं मला म्हणायचं नाही. ते थोर गोष्टीवेल्हाळ होते. अवाढव्य देह, डोक्यावर हॅट, गळ्यात स्टॉपवॉच, हातातल्या झेंड्यांनी चालकांना खुणा करण्याची पद्धत त्यांनी बसवली. गप्पांच्या मैफलीत अशा माणसाला कुणी पुरावा मागत नाही. पण त्यांच्या आठवणी साक्ष म्हणून घेताना सावध राहावं लागतं. १९३३च्या त्रिपोली शर्यतीत लॉटरीसाठी चालकांनी निकाल कसा आधीच ठरवला, याचंही खमंग वर्णन त्यांच्याच आठवणींतून जगभर गेलं. इतिहासकारांनी तपासलं तेव्हा त्यातल्या बऱ्याच गोष्टी टिकल्या नाहीत. त्या शर्यतीला ते स्वतः हजरही नव्हते.

१९५८ हे सालही बघण्यासारखं आहे. १९५५च्या जूनमध्ये ल मांच्या शर्यतीत मर्सिडीजची एक गाडी प्रेक्षकांत घुसली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या मोसमाअखेर कंपनी शर्यतींतून बाहेर पडली आणि नॉयबाउअरांचं काम संपलं. त्याआधी १९५४मध्ये रॅन्सच्या शर्यतीत फान्जिओ आणि क्लिंग यांनी चंदेरी डब्ल्यू १९६ पहिल्या दोन जागांवर आणल्या होत्या आणि ‘चंदेरी बाण’ हे नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. पण या नावाच्या मुळाशी तिशीतलं दशक होतं : १९३३नंतर नाझी सरकारने दोन्ही जर्मन संघांना दिलेला पैसा, प्रत्येक विजयाचा केलेला प्रचार, पिटमध्ये फिरणारे गणवेश. युद्धानंतरच्या जर्मनीत हे मूळ कुणाला सांगवत नव्हतं. अशा वेळी चंदेरी रंग एका किलोमुळे, एका रात्रीच्या घासकामातून, मेकॅनिकांच्या काळ्या हातांनी जन्माला आला, ही गोष्ट फार सोयीची पडते. त्यात सरकार नाही, पैसा नाही, झेंडा नाही. हा माझा अंदाज आहे, पुरावा नव्हे. पण गोष्ट इतकी लवकर आणि इतकी घट्ट का रुजली याचं याहून बरं कारण मला सापडलेलं नाही.

जुन्या छायाचित्रांचं काय, असं मित्राने विचारलंच. “फोटोत तर गाडी पांढरी दिसते की!” काळ्यापांढऱ्या फोटोत चंदेरी आणि पांढरा यांत गल्लत फार सहज होते. भर उन्हात ॲल्युमिनियमचे कण आकाशाचा उजेड थेट परत फेकतात आणि गाडी चुन्यासारखी पांढरी येते. ओळखायची एक युक्ती आहे, ती मी पेंटरकडून शिकलो, इतिहासकारांकडून नाही. पांढरा रंग कुठल्याही कोनातून पांढराच दिसतो, वळणावर हळूहळू सावलीत जातो. चंदेरी ‘खेळतो’. समोरून लख्ख, आणि पत्रा जरा वळला की एकदम करडा, कधी जवळजवळ काळा. गाडीच्या फुगीर शेपटीवर उजेडापासून अंधारापर्यंतचा उतार किती घाईचा आहे ते बघायचं. उतार घाईचा असेल तर चंदेरी. पण चंदेरी रंग आणि घासलेला उघडा पत्रा यांतला फरक फोटोतून काढणं आणखी अवघड. तिथे घासल्याच्या रेघा, डाग, जोड शोधावे लागतात, आणि शर्यतीचे बहुतेक फोटो ताशी दीडशेच्या वेगात गेलेल्या गाडीचे असतात.

याच खेळामुळे चंदेरी हा पेंटरचा सगळ्यात नावडता रंग आहे. डेंटिंग-पेंटिंगच्या कुठल्याही दुकानात विचारा. लाल गाडीचं एक दार रंगवणं सोपं. चंदेरी गाडीचं दार रंगवलं की उन्हात गाडी काढल्यावर ते दार शेजारच्या पत्र्याशी भांडतं. रंग फवारायची गन जरा लांब धरली, हवेचा दाब जरा वाढला, थिनर जरा जास्त पडला की कण वेगळ्या कोनात बसतात आणि शेड गेली. मध्येच थांबलं तर ढग दिसतात. विंटेज गाडी नव्याने रंगवणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. आजचा चंदेरी म्हणजे बारीक, एकसारखे कण आणि वरून जाड, काचेसारखा क्लिअर कोट. १९३४चा चंदेरी म्हणजे ओबडधोबड कण, क्लिअर कोट नाही, चमक मंद, थोडी भुकटीसारखी. रंगाची छटा अचूक असूनही गाडी खोटी दिसते कारण ती ओली दिसते. मी एका प्रदर्शनात तिशीतल्या गाडीची अशी एक प्रतिकृती पाहिली. मेहनत अफाट, पण अंगावर कालपरवाच्या सेडानचा रंग. काही केल्या नजर त्या ओल्या चकाकीवरून हलेना.

मग माझा निकाल काय? त्या शनिवारी रात्री, त्या कारणासाठी, पांढरा रंग खरवडून गाडी चंदेरी झाली, हे मी मानत नाही. नियम लागू नव्हता, गाड्या आठवडाभर आधी चंदेरी होत्या, नाव दोन वर्षांपूर्वीच पडलं होतं, आणि साक्ष चोवीस वर्षांनी आली. डब्ल्यू २५ तयार होत असताना कधीतरी, कारखान्यात, वजनाच्या चिंतेत असलेल्या कुणीतरी पांढऱ्याऐवजी चंदेरी बरा असा हिशेब केला असेल, तर ते मला सहज पटतं. रंगाच्या स्वभावातूनच ते निघतं. बहुधा तो कंटाळवाणा, शहाणपणाचा निर्णय आठवणीत हळूहळू सरकत एका रात्रीवर येऊन बसला, वाटेत त्याने १९३२च्या काकडीचा उघडा पत्रा अंगावर घेतला आणि ‘लाक’वरचा श्लेष खिशात टाकला. आठवणी असं करतात. आमच्या घरातही आजोबांच्या पहिल्या सायकलची गोष्ट दर पिढीला वेगळ्या गावात घडते.

मित्राला मी हे सगळं फोनवर तासभर सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हणजे रंग मारायचा.” मी म्हटलं, “हो. दोन पातळ हात, जाडसर कणांचा घे, आणि वरून क्लिअर अजिबात मारू नकोस.”

त्याने तसंच केलं. मॉडेल आता त्याच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत आहे. पाहुणे आले की तो पेटी उघडतो, गाडी हळूच हातात देतो आणि सांगायला सुरुवात करतो : शनिवारची संध्याकाळ, काट्यावर ७५१ किलो... मी समोर बसलेलो असलो तरी.